जुन्या संगीताचे डिजिटल श्रवण आणि स्रोतनिश्चितीचा प्रश्न : मराठी ध्वनिमुद्रिकांच्या संदर्भात

प्रास्ताविक

जुने संगीत आज सहज उपलब्ध आहे, हे विधान सर्वमान्य होण्यासारखे आहे. ज्या नाट्यपदासाठी एकेकाळी एखाद्या संग्राहकाच्या घरी जाऊन, त्याच्या सवडीने आणि त्याच्या मर्जीने ऐकावे लागे, ते पद आज एसटीच्या प्रवासात विद्यार्थ्याच्या हातातील मोबाईलवर वाजते. घरातील ज्येष्ठांसाठी हजारो गाणी आधीच भरलेले संच बाजारात मिळतात. आकाशवाणीचा शास्त्रीय संगीताला वाहिलेला ‘रागम’ हा चोवीस तासांचा कार्यक्रमप्रवाह २०१६ साली सुरू झाला. या सर्व सोयींचे स्वागतच केले पाहिजे. परंतु जे वाजते ते नेमके काय आहे, ते कोणत्या ध्वनिमुद्रिकेवरून आले, केव्हा गायले गेले आणि आपल्यापर्यंत येताना त्यात कोणते बदल झाले, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात.

प्रस्तुत लेखात मराठी श्रोत्याला उपलब्ध असणाऱ्या जुन्या संगीताच्या डिजिटल स्रोतांची चिकित्सा करावयाची आहे. ‘जुने संगीत’ या संज्ञेने येथे प्रामुख्याने ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांवरील आणि नभोवाणीवरील संगीत अभिप्रेत आहे. गाणे सापडणे आणि गाण्याचा स्रोत सापडणे या दोन भिन्न गोष्टी असून त्यांतील भेद लक्षात न घेतल्यास आस्वादाची थोडी आणि अभ्यासाची मोठी हानी होते, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

हा विषय हाती घेण्यास एक व्यक्तिगत निमित्त आहे. प्रस्तुत लेखकाने एम.फिल.च्या प्रबंधिकेत ‘गीतरामायणा’च्या सादरीकरणावर एक प्रकरण लिहिले होते. एकच गायक कथनकाराच्या भूमिकेत राहून सर्व पात्रांचे मनोगत मांडतो आणि १९५५ च्या श्रोत्यासमोर कीर्तनपरंपरेचा जणू विस्तार होतो, असा त्या प्रकरणाचा मुख्य मुद्दा होता. त्यासाठी आधार होता तो एमपीथ्री स्वरूपातील गाण्यांच्या एका सीडीचा. मौखिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी शांतपणे विचारले, “तुम्ही जे ऐकलेत, ते १९५५ चे आहे हे कशावरून?” उत्तर देता आले नाही. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून एप्रिल १९५५ ते एप्रिल १९५६ या काळात जे गीतरामायण प्रसारित झाले, त्यात माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, ललिता फडके आदी अनेकांचे आवाज होते. सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजातील ५६ गीतांचा संच पुढे ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने निघाला आणि तोच घरोघर पोहोचला. म्हणजे लेखकाने ध्वनिमुद्रिकेच्या श्रोत्याचा अनुभव नभोवाणीच्या श्रोत्यावर लादला होता. प्रकरण पुन्हा लिहावे लागले. तथापि चूक केवळ लेखकाची नव्हती. त्या सीडीवर वर्ष, मूळ संच वा प्रसारण यांपैकी कशाचाही उल्लेख नव्हता. असा उल्लेख आज बहुसंख्य डिजिटल गाण्यांसोबतही नसतो.

ध्वनिमुद्रिका : एक नोंदलेली वस्तू

भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गेझबर्ग यांच्या मोहिमेने झाला. गौहरजान यांचे गाणे त्याच मोहिमेत मुद्रित झाले. सुरुवातीच्या काळात मुद्रणाच्या मेणाच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे पाठवल्या जात आणि तेथे छापलेल्या ध्वनिमुद्रिका बोटीने परत येत. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना सुरू झाला. त्या काळातील अनेक मुद्रणांच्या शेवटी गायक किंवा गायिका स्वतःचे नाव उच्चारते. आज तो उच्चार गमतीदार वाटतो, परंतु त्यामागे व्यावहारिक कारण होते. भाषा न जाणणाऱ्या दूरदेशीच्या कारागिराला कोणती तबकडी कोणाची हे कळावे, यासाठी ती खूण होती. नोंद ही गाण्याच्या आतच कोरलेली होती.

त्यानंतरच्या ध्वनिमुद्रिकांवर नोंदीचे काम मधल्या कागदी चिठ्ठीने केले. कंपनीचे नाव, ध्वनिमुद्रिकेचा क्रमांक, गायकाचे नाव, नाटक किंवा राग असा तपशील तीवर असे. शिवाय चिठ्ठीलगतच्या मोकळ्या जागेत मूळ साच्याचा क्रमांक कोरलेला असे. एकाच गायकाने एकच पद दोनदा मुद्रित केले असेल, तर या क्रमांकावरून दोन्ही गायने वेगळी ओळखता येतात. दहा इंची ध्वनिमुद्रिकेची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची असल्याने श्रोत्याला दर तीन मिनिटांनी उठून बाजू बदलावी लागे. या खटाटोपात चिठ्ठी आपोआप वाचली जाई. घरातील निदान एका व्यक्तीला तरी काय वाजते आहे हे माहीत असे.

डिजिटल श्रवणात हा खटाटोप संपला. त्यासोबत वाचनही संपले. आरंभीचे ते नामोच्चारण ‘अनावश्यक शेवट’ समजून एखाद्या प्रतीत कापले गेले, तर मूळ मुद्रणातील ओळखीची खूणच नाहीशी होते. जुन्या संगीताच्या डिजिटल स्रोतांचे मूल्यमापन करताना, स्रोत गाण्यासोबत त्याची नोंद देतो की नाही, हा पहिला निकष मानला पाहिजे.

स्रोतांचे प्रकार आणि त्यांची चिकित्सा

मराठी श्रोत्याला आज उपलब्ध असणारे स्रोत स्थूलमानाने चार गटांत विभागता येतील.

पहिला गट संग्राहकांचा. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार आणि घरोघरचे माळे येथून ध्वनिमुद्रिका गोळा करणाऱ्या हौशी मंडळींनी हे संगीत खऱ्या अर्थाने वाचवले. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने आणि तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकाने या छंदाला अभ्यासाची शिस्त दिली. मायकेल किनिअर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या आरंभीच्या भारतीय मुद्रणांची केलेली सूची हाही या कार्याचा महत्त्वाचा भाग आहे. सूची ही ऐकण्याची वस्तू नाही, म्हणून सामान्य श्रोता तिच्याकडे वळत नाही. परंतु ज्याला स्रोत शोधायचा आहे त्याने गाण्याआधी सूची शोधावी, हा अनुभवाचा सल्ला आहे. काय मुद्रित झाले होते हे माहीत नसेल तर काय सापडले नाही हेही कळत नाही.

दुसरा गट संस्थात्मक संग्रहांचा. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे वांशिक संगीतशास्त्राचे अभिलेखागार १९८२ साली पुण्यात सुरू झाले आणि नंतर दिल्ली परिसरात गेले. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राचा आणि कोलकात्याच्या संगीत रिसर्च अकादमीचा संग्रहही सुपरिचित आहे. बंगळुरूच्या ‘आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक’ने जुन्या ध्वनिमुद्रिका महाजालावर ऐकण्यासाठी खुल्या केल्या. ‘यंग इंडिया’ या मुंबईतील छापाचे उदाहरण विशेष बोलके आहे. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३५ ते १९५५ या काळात या छापाच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. मोठ्या कंपन्यांच्या यादीत स्थान न मिळालेल्या अनेक हौशी कलावंतांना या छापाने संधी दिली. या ध्वनिमुद्रिका, त्यांच्या चिठ्ठ्या आणि सूचिपत्रे यांचे डिजिटलीकरण ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त अभिलेख प्रकल्पातून झाले. येथे गाणे आणि नोंद यांची फारकत झालेली नाही, म्हणून हा प्रकल्प आदर्श मानावा लागतो. मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या ऑनलाइन सेवा दीर्घकाळ विस्कळीत झाल्या. उत्तम स्रोतही एकाच ठिकाणी असेल तर तो सुरक्षित म्हणता येत नाही, हा धडा त्यातून घ्यावयाचा आहे.

तिसरा गट कंपन्यांचा आणि प्रसारकांचा. ग्रामोफोन कंपनीचा वारसा सांगणाऱ्या सारेगामाने २०१७ साली ‘कारवाँ’ हा पाच हजार हिंदी गाणी भरलेला संच बाजारात आणला. पुढे त्याच धर्तीवर मराठी गाण्यांचा संचही आला. ज्यांना मोबाईलवर शोध घेणे जमत नाही, अशा पिढीला या संचाने संगीत परत मिळवून दिले, हे मान्य केले पाहिजे. परंतु संचाची रचना गायक, भावना, प्रसंग अशा विभागांची आहे. ती आठवणींसाठी पुरेशी असली तरी अभ्यासाला तोकडी पडते. स्ट्रीमिंग सेवांची अडचण याहून वेगळी आहे. त्यांची नोंदपद्धती ‘कलाकार, संच, गाणे, वर्ष’ अशा चौकटीत बसवलेली आहे. नाट्यपदाला या चौकटीत जागा नाही. तेथे नाटककार, पदकर्ता, संगीतकार, पात्र, राग, ताल आणि गायक अशा स्वतंत्र नोंदी आवश्यक असतात. त्यातही ‘वर्ष’ या रकान्यात बहुधा डिजिटल संकलन प्रसिद्ध झाल्याचे वर्ष असते. त्यामुळे १९३० च्या दशकातील पद एकविसाव्या शतकातील असल्यासारखे दिसते.

चौथा गट व्यक्तिगत उत्साहाने चालणाऱ्या संकेतस्थळांचा आणि व्हिडिओ वाहिन्यांचा. मराठीत ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळाने गीत, गीतकार, संगीतकार, स्वर, नाटक अथवा चित्रपट आणि राग असा तपशील गाण्याशेजारी देण्याचा पायंडा पाडला. मराठी गाण्याला मराठी चौकट देण्याचे हे कार्य मोलाचे आहे. व्हिडिओ वाहिन्यांवर मात्र स्थिती संमिश्र आहे. काही संग्राहक तबकडीची चिठ्ठी पडद्यावर दाखवतात, क्रमांक देतात. तर काही ठिकाणी फुलापाखरांचे चित्र आणि ‘दुर्मीळ’ हे विशेषण एवढीच नोंद असते. आपला ठेवा मोफत सर्वांसमोर ठेवणाऱ्यांविषयी कृतज्ञता बाळगूनही असे म्हणावे लागते की, चिठ्ठीचे एक छायाचित्र जोडण्याचे कष्ट घेतले असते तर त्याच देणगीचे मोल अनेकपटींनी वाढले असते.

चुकीच्या नोंदीचा परिणाम केवळ पांडित्यापुरता राहत नाही. ‘एकच प्याला’ हे राम गणेश गडकरी यांचे नाटक असल्याने त्यातील पदेही गडकऱ्यांचीच असे सहज गृहीत धरले जाते. वस्तुतः ती पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची आहेत. गडकरी १९१९ साली निवर्तले, गुर्जर १९६२ साली. गीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकत असल्याने गुर्जरांच्या शब्दांवरील हक्क २०२२ च्या अखेरीपर्यंत होता. पदकर्त्याचे नाव चुकले तर श्रेय चुकते आणि हक्काचा हिशेबही चुकतो.

गती आणि पट्टी

नोंदीचा प्रश्न कागदोपत्री वाटेल. पण तो प्रत्यक्ष स्वरापर्यंत पोहोचतो. ‘७८ फेऱ्यांची ध्वनिमुद्रिका’ हे नाव रूढ असले तरी सुरुवातीच्या काळातील सर्व मुद्रणे मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनी झालेली नाहीत. सत्तरपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत गती आढळते. समजा, ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली बाजू आज ७८ फेऱ्यांनी वाजवून डिजिटल केली. तर स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने वर चढतो. काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनच्या अगदी जवळ जाते. लयही त्याच प्रमाणात वाढते. जी बाजू मुळात तीन मिनिटे दहा सेकंदांची होती ती तीन मिनिटांत संपते. आवाज कोवळा आणि पातळ भासतो, ताना अधिक चपळ वाटतात.

या गोष्टीचा समीक्षेशी थेट संबंध आहे. ‘जुन्या काळातील गायक उंच पट्टीत गात’, ‘त्यांच्या ताना विलक्षण वेगवान होत्या’ अशी विधाने आपल्याकडील लेखनात वारंवार येतात. ध्वनिक्षेपकाविना मोठ्या प्रेक्षागृहात गावे लागे, हे त्यामागचे कारण खरे आहे आणि विधानात तथ्यही आहे. परंतु त्याचा पुरावा म्हणून जेव्हा मोबाईलवरील मुद्रण दिले जाते, तेव्हा ते कोणत्या गतीने उतरवले गेले याची खात्री केल्याखेरीज निष्कर्ष काढता येत नाही. गतीची चूक काही प्रमाणात ताडता येते. साथीला पेटी असेल तर तिचे स्वर पक्के असतात. गाण्याचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मधोमध पडत असेल तर संशय घ्यावा. अर्थात तत्कालीन सर्व पेट्या एकाच मोजमापाने लावलेल्या नव्हत्या, त्यामुळे हा पुरावा निर्णायक मानता येत नाही. त्याच गायकाची त्याच काळातील इतर मुद्रणे शेजारी ठेवून पाहणे अधिक विश्वसनीय ठरते.

गतीखेरीज आणखी दोन बाबी लक्षात घेणे अगत्याचे आहे. एक म्हणजे सुई. ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेची खाच एलपीच्या खाचेहून सुमारे तिप्पट रुंद सुई मागते. एलपीची बारीक सुई वापरली तर ती खाचेच्या तळाशी घासते आणि तेथील झिजेचीच खरखर वर येते. दुसरी बाब ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीची. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आले. तत्पूर्वी कर्ण्यात गायलेला आवाज थेट सुईला हलवत असे. केशवराव भोसले १९२१ साली निवर्तले. त्यांचे जे गायन आज ऐकू येते ते सर्व कर्ण्याच्या काळातील आहे. कर्णा आवाजाचा खालचा आणि वरचा भाग टिपू शकत नसे. तेव्हा केशवरावांच्या आवाजाची तुलना विद्युत मुद्रणातील मास्टर दीनानाथांच्या आवाजाशी करताना आपण दोन गायकांची तुलना करतो आहोत की दोन यंत्रांची, हा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे.

घरातील श्रवण आणि घराबाहेरील श्रवण

घराबाहेर संगीत ऐकणे ही डिजिटल युगाची देणगी आहे असा समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. किल्लीचा ग्रामोफोन विजेवर अवलंबून नव्हता. पेटीच्या आकाराचा ग्रामोफोन उचलून नेता येत असे. पुढे हॉटेलांतील ध्वनिमुद्रिका आणि ट्रान्झिस्टर यांनी गाणे रस्त्यावर आणले. फरक असा की ते श्रवण सामूहिक होते. आजचे इअरफोनमधील श्रवण एकट्याचे आहे. सामूहिक श्रवणात शेजारचा कोणी ‘हे बालगंधर्वांचे नव्हे’ असे सांगून चूक दुरुस्त करी. एकट्या श्रोत्याला ही सोय नाही. म्हणून त्याच्या गाण्यासोबत नोंद असण्याची गरज अधिक आहे.

दोन्ही ठिकाणच्या श्रवणाच्या गरजा भिन्न आहेत. घरी शांततेत, ध्वनिवर्धकावर ऐकताना तबकडीची खरखर असलेली पण न छेडलेली प्रत अधिक समाधान देते. कान थोड्याच वेळात खरखरीला सरावतात आणि तिच्यामागचा आवाज स्वच्छ वेगळा करतात. खरखर काढण्यासाठी संगणकीय प्रक्रिया अतिरेकाने केली, तर तिच्यासोबत श्वास, व्यंजनांची टोके आणि तंबोऱ्याची आस निघून जाते. आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. याउलट एसटीत वा लोकलमध्ये, इंजिनाच्या आवाजात, हलकी स्वच्छ केलेली प्रत सुसह्य ठरते. जुन्या मुद्रणांतील आवाज मुख्यतः मधल्या पट्ट्यातला असल्याने तो गोंगाटातही चांगला उठून येतो, हा त्यांचा एक अनपेक्षित गुण होय.

येथे काही हिशेब उपयुक्त ठरतील. सेकंदाला १२८ किलोबिट दराची एमपीथ्री फाइल मिनिटाला साधारण एक मेगाबाइट जागा घेते. म्हणजे एक बाजू सुमारे तीन मेगाबाइटची होते आणि ३२ गिगाबाइटच्या मेमरी कार्डवर अशा दहा हजारांहून अधिक बाजू मावतात. जतनासाठी सेकंदाला ९६,००० नमुने आणि २४ बिट हे प्रमाण शिफारशीत असते. त्या प्रमाणाने तीच बाजू एकाच वाहिनीत ठेवली तरी सुमारे ५२ मेगाबाइट होते. जुन्या मुद्रणात उंच स्वर फारसे नसल्याने एमपीथ्रीने काही बिघडत नाही, असा युक्तिवाद केला जातो. तो फसवा आहे. खरखर ही सर्व पट्ट्यांत पसरलेली आणि अनियमित असते. फाइल लहान करणारी प्रणाली आपली बरीचशी शक्ती तिच्यावरच खर्च करते आणि गाण्याच्या वाट्याला कमी येते. शिवाय मूळ मुद्रण एकाच वाहिनीचे असते. ते दोन वाहिन्यांत ठेवले तर डाव्या आणि उजव्या कानांत वेगवेगळी खरखर ऐकू येते. दोन्ही वाहिन्या एकत्र केल्यास खरखर कमी होते, गाणे तसेच राहते आणि फाइल निम्मी होते.

यावरून प्रत्येक गाण्याच्या दोन प्रती ठेवाव्यात असे सुचवता येईल. न छेडलेली, मोठी प्रत घरच्या संगणकावर आणि आणखी एका स्वतंत्र ठिकाणी असावी. तिच्यावरून केलेली एकवाहिनी, हलकी प्रत प्रवासासाठी असावी. मात्र उलट दिशेने जाऊ नये. प्रवासी प्रत हीच मूळ प्रत होऊन बसली, की गमावलेले परत मिळत नाही.

कायद्याची चौकट

जुने म्हणजे मोफत, असा एक गैरसमज आहे. आणि महाजालावरील सर्व काही बेकायदा, असा दुसरा. भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क ते प्रसिद्ध झालेल्या वर्षानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. १९५५ साली प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रिका, ध्वनिमुद्रण म्हणून, १ जानेवारी २०१६ पासून मुक्त झाली. पण त्यातील शब्द आणि चाल यांवरील हक्क स्वतंत्र असून तो कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. ग. दि. माडगूळकर १९७७ साली निवर्तले. त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ च्या अखेरीपर्यंत राहील. सुधीर फडके यांच्या चालींबाबत ही मुदत २०६२ च्या अखेरीस संपेल. याउलट कृ. प्र. खाडिलकर १९४८ साली, गोविंदराव टेंबे १९५५ साली आणि भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तल्याने ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ यांतील पदांची जुनी ध्वनिमुद्रणे आज निःशंकपणे वापरता येतात. शिक्षकाने आणि ग्रंथालयाने हा भेद जाणून घेतला तर भीतीपोटी संग्रह बंद कपाटात ठेवण्याची वेळ येणार नाही. परदेशी संकेतस्थळांना त्यांच्या देशाचा कायदा लागू होतो. अमेरिकेतील इंटरनेट आर्काइव्हच्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिका प्रकल्पावर २०२३ साली मोठ्या कंपन्यांनी दावा दाखल केला आणि २०२५ साली त्यात तडजोड झाली. तेथे आज ऐकू येणारे उद्या ऐकू येईलच, असे गृहीत धरता येत नाही.

एक आक्षेप आणि त्याचा विचार

येथवरच्या विवेचनावर असा आक्षेप घेता येईल की, सामान्य श्रोत्याला आनंद हवा असतो. त्याच्यावर क्रमांक, गती आणि साल यांचे ओझे कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे. आनंदासाठी ऐकणाऱ्याने सूची पाठ करावी अशी अपेक्षा नाही. नोंद ठेवण्याची जबाबदारी ऐकवणाऱ्याची आहे. परंतु आजच्या परिस्थितीत प्रत्येक श्रोता ऐकवणाराही झाला आहे. तो गाणे पुढे पाठवतो आणि पाठवताना बहुधा नाव गाळतो. दहा हातांतून गेल्यावर गायकाचे नावही बदललेले असते. ज्या गायिकेच्या दोन-तीनच ध्वनिमुद्रिका निघाल्या तिचे नाव असे गळाले, तर ती संगीताच्या इतिहासातून पुसली जाते. बालगंधर्वांना या हलगर्जीपणाचा धोका कमी आहे. यंग इंडियाच्या हौशी गायिकेला तो जीवघेणा आहे.

या संदर्भात केसरबाई केरकर यांचे उदाहरण द्यावेसे वाटते. गोव्यातील केरी गावच्या या गायिकेची भैरवीतील साडेतीन मिनिटांची एक ध्वनिमुद्रिका १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांवरील सुवर्ण तबकडीसाठी निवडली गेली. निवड झाली, पण ध्वनिमुद्रिका बाजारात मिळेना. ती अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, खोक्यात पडलेली सापडली, अशी हकीकत त्या तबकडीवरील ‘मर्मर्स ऑफ अर्थ’ या पुस्तकात नमूद आहे. यानांचे उड्डाण ऑगस्ट आणि सप्टेंबर १९७७ मध्ये झाले. त्याच सप्टेंबरात केसरबाईंचे निधन झाले. त्या सुवर्ण तबकडीसोबत सुई पाठवली आहे, आणि तबकडी मिनिटाला किती फेऱ्यांनी फिरवावी, सुई कोठे ठेवावी, हे तिच्या आवरणावर आकृत्यांनी कोरले आहे. ज्याची भाषा आपल्याला ठाऊक नाही अशा श्रोत्यासाठी माणसाने एवढी काळजी घेतली. आपल्याच नातवंडांसाठी आपण जी गाणी ठेवत आहोत, त्यांच्यासोबत मात्र गायकाचे नावही धडपणे जात नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. जुन्या संगीताची डिजिटल उपलब्धता वाढली असली तरी स्रोतनिश्चितीच्या अभावी तिचे अभ्यासमूल्य मर्यादित राहिले आहे.

२. संग्राहक, संस्था, कंपन्या आणि व्यक्तिगत संकेतस्थळे या चारही गटांचे कार्य परस्परपूरक आहे. कोणत्याही एकावर विसंबणे योग्य नाही.

३. गती, सुई आणि मुद्रणपद्धती यांची माहिती नसताना डिजिटल प्रतीवरून पट्टी, लय अथवा आवाजाच्या पोताविषयी विधान करणे धोक्याचे आहे.

४. घरासाठी न छेडलेली आणि प्रवासासाठी हलकी, अशा दोन प्रती ठेवणे इष्ट आहे. दुसरी नेहमी पहिलीवरून करावी.

५. प्रत्येक गाण्यासोबत किमान आठ नोंदी असाव्यात : गायक, पदाचे आरंभीचे शब्द, नाटक, चित्रपट वा राग, गीतकार आणि संगीतकार, कंपनी व क्रमांक, उतरवतानाची गती, मूळ प्रत कोणाकडील आणि केव्हा उतरवली, त्यावर कोणती प्रक्रिया केली.

महाविद्यालयांच्या मराठी, संगीत आणि इतिहास विभागांना या कामी बरेच करता येण्यासारखे आहे. विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या सुटीत आपल्या आणि शेजारच्या घरांतील ध्वनिमुद्रिकांच्या चिठ्ठ्यांची छायाचित्रे घेऊन वरील नोंदी केल्या, तरी एका तालुक्याची सूची तयार होईल. त्यासाठी यंत्राची वा निधीची गरज नाही. तबकडी फुटली असली तरी चिठ्ठी वाचता येते. प्रस्तुत लेखकाला मौखिक परीक्षेत विचारलेला तो प्रश्न आता तो आपल्या विद्यार्थ्यांना विचारतो. उत्तर लगेच येत नाही. मात्र पुढच्या वेळी गाणे घेऊन येणारा विद्यार्थी मोबाईलवर चिठ्ठीचे छायाचित्रही घेऊन येतो, असे अलीकडे काही वेळा घडले आहे.